निर्वासितांची तयार घरे : वळिवड्याच्या बराकींपासून कागजनगरच्या वसाहतींपर्यंत

भिंती, छप्पर, दारे आणि खिडक्या हे घराचे भाग कारखान्यात आधीच तयार करून, ते इच्छित जागी नेऊन थोड्या अवधीत जोडले जातात, तेव्हा त्या घरास पूर्वनिर्मित किंवा बोलीभाषेत तयार घर असे म्हणतात. युद्ध, फाळणी, पूर किंवा भूकंप यांमुळे हजारो माणसे एकाएकी उघड्यावर येतात, त्या वेळी शासनाला आणि मदतसंस्थांना प्रथम आठवण होते ती याच घरांची. विटा भाजून, पाया खणून, गवंडी शोधून घर उभारण्यास महिने लागतात. तयार घर काही तासांत अथवा काही दिवसांत उभे राहते. संकटकाळी हा गुण मोठाच ठरतो.

परंतु या घरांच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळते. तीन वर्षांसाठी, पाच वर्षांसाठी किंवा ‘पुढील व्यवस्था होईपर्यंत’ म्हणून दिलेला निवारा तीस-चाळीस वर्षे वापरात राहतो. तात्पुरती छावणी दाट वस्ती होते आणि वस्तीचे कालांतराने शहर होते. म्हणून अशा घराची परीक्षा ते किती लवकर उभे राहिले एवढ्यावर संपत नाही. त्यात राहणाऱ्या कुटुंबाला ते पुढे वाढवता आले का, त्याखालील जमीन त्याच्या नावे झाली का, आणि जवळपास काम व पाणी मिळाले का, हे प्रश्न अधिक निर्णायक ठरतात. महाराष्ट्रातील वळिवडे आणि उल्हासनगर, दिल्लीतील जंगपुरा आणि तेलंगणातील मंचेरियलच्या उत्तरेस असलेला कागजनगर परिसर या ठिकाणांचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

प्रकार आणि रचना

तयार घरांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात सांगाडा आणि आवरण वेगवेगळे येतात. लोखंडी किंवा लाकडी खांब, छपराच्या कैच्या आणि पत्रे जागेवर नट-बोल्टने जोडले जातात. लष्करी बराकी बहुधा याच जातीच्या असतात. दुसऱ्या प्रकारात काँक्रीटची किंवा थरांची तयार पॅनेले एकमेकांना जोडून भिंती उभ्या केल्या जातात. दोन पत्र्यांच्या मध्ये फेस किंवा लोकर यांसारखा उष्णतारोधक थर घातलेली पॅनेले आज सर्वत्र दिसतात. तिसऱ्या प्रकारात संपूर्ण खोलीच तयार होऊन ट्रकवरून येते. बांधकामाच्या जागी दिसणारी कंटेनरची कचेरी हे त्याचे परिचित उदाहरण होय. पश्चिम आशियातील निर्वासितांच्या छावण्यांत अशा खोलीस ‘कॅरॅव्हॅन’ म्हणतात.

तिन्ही प्रकारांत लाभ आणि मर्यादा जवळजवळ सारख्याच आहेत. उत्पादन एकाच ठिकाणी होत असल्याने दर्जा तपासता येतो, कुशल कारागिरांची गरज कमी होते आणि पावसाळ्यातही काम थांबत नाही. उलटपक्षी वाहतुकीचा खर्च मोठा असतो, वाटेत भाग फुटतात, आणि दोन भागांचा सांधा हा घराचा सर्वांत दुबळा बिंदू राहतो. विटांच्या भिंतीला भोक पाडून खिडकी बसवणे गावातील कोणत्याही गवंड्याला जमते. कारखान्यात बनलेल्या पॅनेलची दुरुस्ती त्याच कारखान्यावाचून होत नाही. हातावर पोट असलेल्या कुटुंबासाठी ही बाब किरकोळ नसते.

युद्धातून आलेले तंत्र

या घरांचा प्रसार मुख्यतः दोन महायुद्धांमुळे झाला. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्यातील अभियंता पीटर नॉर्मन निसेन याने नालीदार पत्र्याची अर्धगोल छपराची झोपडी तयार केली. ‘निसेन हट’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. तिचे भाग ट्रकवर मावत आणि काही सैनिक ती काही तासांत उभारीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्याच धर्तीवर ‘क्वॉन्सेट हट’ निर्माण केली.

बॉम्बवर्षावात घरे गमावलेल्या नागरिकांसाठी ब्रिटनने १९४४ मध्ये तात्पुरत्या निवाऱ्याचा कायदा केला आणि पुढील पाच वर्षांत दीड लाखाहून अधिक तयार घरे उभारली. त्यांचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्यांपैकी कित्येक घरे अर्धशतकाहून अधिक काळ वापरात राहिली. लंडनच्या कॅटफर्ड भागातील अशी वसाहत तर एकविसाव्या शतकातही नांदती होती. स्नानगृह, बांधीव कपाटे आणि भोवती छोटी बाग असल्याने रहिवाशांना ती घरे सोडवत नव्हती. तात्पुरते घर टिकले ते त्यात संसाराच्या सोयी होत्या म्हणून.

वळिवडे : एक छावणी, दोन निर्वासित समाज

महाराष्ट्रात निर्वासितांसाठी मुद्दाम उभारलेल्या छावण्यांत कोल्हापूरजवळील वळिवड्याची छावणी अग्रगण्य होती. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. १९४१ च्या उत्तरार्धात त्यांची सुटका सुरू झाली; त्यांतील काही इराणमार्गे भारतात पोहोचले. मुलांसाठी जामनगरजवळ बालाचडी येथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी आश्रयस्थान दिले. कुटुंबांसाठी १९४३ मध्ये पंचगंगेच्या परिसरात वळिवडे येथे मोठी छावणी उभी राहिली. तेथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा होता.

ओळीने उभ्या केलेल्या लांबलचक बराकी आणि त्यांत कुटुंबांसाठी पाडलेले गाळे असे या वसाहतीचे रूप होते. निवाऱ्याच्या जोडीला चर्च, शाळा, दवाखाना, दुकाने आणि नाट्यगृह यांचीही सोय झाली. त्यामुळे पाच वर्षांच्या अवधीत ही छावणी एखाद्या छोट्या पोलिश गावासारखी नांदली. कोल्हापूरच्या बाजाराशी तिचा नित्य संबंध होता. १९४८ पर्यंत पोलिश कुटुंबे ब्रिटन, पोलंड आणि अन्य देशांकडे निघून गेली.

त्या बराकी मोकळ्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना त्याच जागी आसरा मिळाला आणि वसाहतीस गांधीनगर हे नाव पडले. कापडाच्या घाऊक व्यापाराने गांधीनगर आज पश्चिम महाराष्ट्र आणि सीमाभागात सर्वपरिचित आहे. एकाच तात्पुरत्या बांधकामातून पोलिश समाज परत फिरला आणि सिंधी समाज तेथेच रुजला. निवारा एकच होता. दुसऱ्या समाजाला परतीची वाट उरली नव्हती, हा त्यातील भेद. सिंधी कुटुंबांनी बराकींच्या जागी दुकाने आणि माड्या बांधल्या, कारण त्यांना तेथेच राहायचे होते आणि व्यापारासाठी कोल्हापूर हाकेच्या अंतरावर होते. पोलिश वास्तव्याची स्मृती कोल्हापुरातील महावीर उद्यानातील स्मारकाने जपली आहे.

कल्याण कॅम्प ते उल्हासनगर

याच कथेचे विराट रूप उल्हासनगरात दिसते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याचा मोठा तळ होता. दोन हजारांहून अधिक बराकी तेथे उभ्या होत्या. युद्ध संपल्यावर तळ ओस पडला आणि फाळणीनंतर मुंबई बंदरात उतरलेल्या सिंधी निर्वासितांना तेथे पाठवण्यात आले. पाहता पाहता सुमारे एक लाख माणसे त्या तळावर गोळा झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले.

सैनिकांच्या तुकडीसाठी बांधलेली बराक कुटुंबासाठी सोयीची नव्हती. मध्यभागी मोठे दालन आणि टोकांना खोल्या, अशी तिची सर्वसाधारण रचना होती. दालनात गोणपाटाचे पडदे किंवा पत्रे लावून कुटुंबांनी आपापले कोपरे वेगळे केले. शौचालये आणि नळ सामायिक राहिले. स्वयंपाकासाठी वेगळी जागा नसल्याने पुढील पडवीतच चूल मांडली गेली. पुढे पडद्यांच्या जागी विटांच्या भिंती आल्या, पडवी बंद होऊन खोली झाली, खोलीचे दुकान झाले आणि छपरावर माळा चढला.

या बदलांना अर्थव्यवस्थेची जोड मिळाली. मुंबईला जोडणारी लोकल गाडी जवळ होती आणि समाजाच्या अंगी व्यापाराचा पिंड होता. पापड, लोणची, मिठाई, शिवणकाम, फर्निचर आणि नंतर जीन्स असे उद्योग घरातूनच सुरू झाले. विदेशी मालाची हुबेहूब नक्कल करण्याच्या येथील कौशल्यावरून ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद महाराष्ट्रभर रूढ झाला. त्या विनोदामागे उत्पादनाची साधने घराच्या उंबऱ्याआत आणणाऱ्या समाजाचे श्रम आहेत.

कायद्याची जोडही तितकीच महत्त्वाची होती. विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) अधिनियम, १९५४ अन्वये पाकिस्तानात मालमत्ता गमावलेल्या कुटुंबांना भरपाई देण्याची आणि शासकीय ताब्यातील घरे व भूखंड त्यांच्या नावे करण्याची व्यवस्था झाली. हाती सनद आल्यावर कुटुंबे बराकीवर निर्धास्तपणे पैसा खर्च करू लागली. मालकीची खात्री आणि घराची सुधारणा यांचा हा संबंध जगभरच्या गरीब वस्त्यांत आढळतो.

तरीही उल्हासनगरला निर्दोष आदर्श म्हणता येणार नाही. सुमारे १३ चौरस किलोमीटर जागेत २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. सैनिकी तळाचा आराखडा एवढ्या वस्तीसाठी आखलेला नव्हता. रस्ते, गटारे आणि मोकळ्या जागा अपुऱ्या पडल्या. बराकींच्या जागी परवानगीविना बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. प्रश्न न्यायालयात गेला आणि २००६ मध्ये केवळ या एका शहरातील अनधिकृत बांधकामांच्या नियमितीकरणासाठी राज्य शासनाला स्वतंत्र कायदा करावा लागला. २०२१ च्या मे महिन्यात जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी दगावले. घर वाढवण्याचे स्वातंत्र्य मिळाले, पण ते सुरक्षितपणे कसे वाढवावे यासाठी तांत्रिक साह्य मिळाले नाही, तर काय होते याचे हे दुःखद उदाहरण होय. कॅम्प नंबर एक ते पाच आणि बॅरक नंबर ही पत्त्यातील खूण मात्र आजही पुसली गेलेली नाही.

दिल्लीचा घरांचा कारखाना

महाराष्ट्रात सैन्याच्या मोकळ्या बराकी हाताशी होत्या. दिल्लीत नव्या घरांची निकड अधिक होती आणि ती भागवण्यासाठी केंद्र शासनाने १९४८ मध्ये कारखान्यातून घरे काढण्याचा संकल्प सोडला. जंगपुरा येथे शासकीय गृहनिर्मिती कारखाना स्थापन झाला. पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांसाठी तेथे हलक्या काँक्रीटच्या भिंतींची घरे तयार व्हावयाची होती. या योजनेशी निगडित असलेले केंद्र शासनाचे गृहनिर्माण संचालक ओटो केनिग्सबर्गर हे स्वतः निर्वासित होते. बर्लिनमध्ये शिकलेल्या या ज्यू वास्तुविशारदाला नाझी राजवटीमुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. १९३९ मध्ये ते म्हैसूर संस्थानच्या सेवेत दाखल झाले. जमशेदपूर आणि भुवनेश्वर या नगरांच्या आराखड्यांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे.

हलक्या काँक्रीटमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. त्यामुळे भिंत वजनाला कमी आणि उन्हाळ्यात तुलनेने थंड राहते. परंतु असे काँक्रीट वाळताना आकुंचन पावते. मिश्रण आणि सुकवण्याची प्रक्रिया काटेकोर नसेल तर भेगा पडतात, आणि मोठ्या आकाराचे भाग उचलताना तडकतात. युरोपातील हवामानात आणि तेथील यंत्रशिस्तीत साधलेले तंत्र दिल्लीच्या उन्हात आणि पावसात जसेच्या तसे उतरले नाही. भिंतींना तडे गेले, खर्च वाढला, संसदेत टीकेची झोड उठली आणि अपेक्षित घरे निर्माण झालीच नाहीत. १९५१ मध्ये केनिग्सबर्गर भारत सोडून लंडनला गेले. कारखाना मात्र बंद पडला नाही. १९५३ मध्ये त्याचे हिंदुस्तान हाउसिंग फॅक्टरी या कंपनीत रूपांतर झाले, तो बांधकामाचे इतर तयार भाग बनवू लागला आणि १९७८ मध्ये त्यास हिंदुस्तान प्रीफॅब हे नाव मिळाले.

याच काळात दिल्लीजवळ फरिदाबाद येथे वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी निराळी वाट चोखाळली. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या सहकारी संघाच्या साह्याने निर्वासितांनी स्वतः बांधकामावर मजुरी करून आपलीच घरे उभारली. घराबरोबर मजुरी आणि कसब दोन्ही हाती आले.

छप्पर द्या, भिंती त्यांच्यावर सोपवा

जंगपुऱ्याच्या अपयशातून निघालेला धडा आफ्रिकेत उपयोगी पडला. १९५० च्या दशकात तत्कालीन गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील शासन एका डच कंपनीकडून काँक्रीटची तयार घरे घेण्याच्या विचारात होते. संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेल्या तज्ज्ञांच्या पथकात चार्ल्स अब्राम्स आणि व्लादिमीर बोदियान्स्की यांच्यासमवेत केनिग्सबर्गरही होते. ही घरे सामान्य माणसाला परवडणार नाहीत, असा निष्कर्ष पथकाने काढला.

पर्याय म्हणून त्यांनी ‘छप्पर कर्ज योजना’ सुचवली. मातीच्या भिंती गावकरी स्वतः उत्तम रचतात. अडते ते छपरापाशी, कारण पत्रा आणि लाकूड रोख पैसे मोजून विकत घ्यावे लागते. तेव्हा कर्ज छपरासाठी, दारांसाठी आणि खिडक्यांसाठी द्यावे, भिंती लोकांच्या श्रमावर सोडाव्यात, असे ते सूत्र होते. जे कुटुंबाला स्वतः बनवता येत नाही तेवढेच कारखान्यातून किंवा शासनाकडून यावे, हा विचार पुढील गृहनिर्माण धोरणांत खोलवर रुजला.

भारतात इंदूरची अरण्य वसाहत त्याच परंपरेतील आहे. बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात आखलेल्या या वसाहतीत गरीब कुटुंबांना भूखंड, जोते आणि शौचालयासह सेवांचा गाभा देण्यात आला. उर्वरित घर कुटुंबाने ऐपतीनुसार वाढवावे अशी योजना होती. तिला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. नवी मुंबईत बेलापूर येथे चार्ल्स कोरिया यांनी रचलेली वाढती घरेही याच जातकुळीची होत.

गोदावरीच्या उत्तर तीरावर

मराठी मुलखाच्या पूर्व सीमेवर निर्वासितांच्या वसाहतींचे आणखी एक पर्व घडले. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील मंचेरियल हे गोदावरीच्या उत्तर तीरावरील रेल्वेचे आणि व्यापाराचे गाव. सिंगरेणीच्या कोळसा खाणी आणि सिमेंट उद्योग यांनी ते वाढवले. २०१६ मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. या प्रदेशाशी मराठीचे नाते जुने आहे. राजुरा आणि किनवट हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते.

मंचेरियलहून बल्लारशाहच्या दिशेने जाणाऱ्या गाडीला बेल्लमपल्ली आणि आसिफाबाद रोडनंतर सिरपूर कागजनगर हे स्थानक लागते. कागद गिरणीवरून नाव पडलेल्या या गावाच्या परिसरात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. प्राणहिता ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा आणि चामोर्शी या तालुक्यांतही तशाच वसाहती आढळतात. १९५८ मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पाने आणि त्याच्या आसपासच्या पुनर्वसन योजनांनी या लोकांना मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात आणले. त्यांपैकी अनेकांनी रायपूरजवळील माना येथील संक्रमण छावणीत तंबू आणि बराकींत दीर्घ काळ काढला होता.

येथील पुनर्वसनाचा कणा घरापेक्षा जमीन हा होता. खाडीच्या आणि भाताच्या मुलखातून आलेल्या शेतकऱ्याला जंगल तोडून तयार केलेले कोरडवाहू शेत मिळाले. जेथे पाणी अडवता आले, तेथे भात, मासे आणि भाजीपाला यांवर वसाहती तगल्या. जेथे ते जमले नाही, तेथून माणसे निघून गेली. १९७८ मध्ये दंडकारण्यातील हजारो कुटुंबे मिळालेली घरे आणि शेते सोडून सुंदरबनाकडे परतली. त्यांतील अनेकांनी वसवलेल्या मरिचझापी बेटावरील वसाहत १९७९ मध्ये बळाने उठवण्यात आली. हाती आलेले घर माणसे का सोडतात, या प्रश्नाचे उत्तर त्या घराच्या भिंतींत नव्हते. ते पाण्यात, मातीत आणि आपल्या भाषेच्या माणसांपासून पडलेल्या अंतरात होते. या पुनर्वसनाचा दुसरा पैलूही दुर्लक्षिता येत नाही. ज्या जंगलात नवागतांना जमीन मिळाली, ते गोंड आणि अन्य आदिवासी समाजांचे जगण्याचे साधन होते. निर्वासितांना घर देताना आधीपासून राहणाऱ्यांच्या हक्कांचा विचार न झाल्यास एका विस्थापनातून दुसरे जन्मास येते.

आजच्या छावण्या

सध्याच्या काळात तयार घरांचा सर्वांत मोठा प्रयोग जॉर्डनमध्ये झाला. सीरियातील यादवीमुळे आलेल्या लोकांसाठी २०१२ च्या जुलैमध्ये झातारी छावणी सुरू झाली. आरंभीच्या तंबूंच्या जागी क्रमाक्रमाने पत्र्याच्या कॅरॅव्हॅन आल्या आणि सुमारे ऐंशी हजार लोकांची वस्ती तेथे स्थिरावली. अधिकाऱ्यांनी त्या सरळ रांगांत मांडल्या होत्या. रहिवाशांनी त्या ओढून नेल्या, नातलगांच्या खोल्या समोरासमोर आणून मध्ये अंगण तयार केले आणि मुख्य रस्त्यावर दुकाने थाटली. कल्याण कॅम्पच्या पडवीत जे घडले, तेच साठ-सत्तर वर्षांनी वाळवंटात घडले.

स्वीडनमधील फर्निचर उद्योगाच्या प्रतिष्ठानाने संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेसमवेत विकसित केलेला ‘बेटर शेल्टर’ हा निवारा खोक्यांत बंद होऊन येतो. चार माणसे तो काही तासांत उभारतात. साडेसतरा चौरस मीटर जागा, कुलूप लागणारे दार आणि सौर दिवा या त्याच्या सोयी आहेत. आतून बंद होणारे दार ही स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी लहान गोष्ट नव्हे. मात्र २०१५ मध्ये झुरिच शहराने आगीच्या चाचणीनंतर त्याचा वापर रद्द केला आणि उत्पादकांना रचनेत सुधारणा करावी लागली.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि निर्वासितांसाठी सर्वसमावेशक स्वतंत्र कायदाही देशात नाही. त्यामुळे कोणत्या समूहाला कोणता निवारा मिळतो, हे वेळोवेळीच्या शासकीय निर्णयावर अवलंबून राहते. हैदराबादेतील बाळापूर भागात किंवा दिल्लीच्या यमुनाकाठी म्यानमारहून आलेली रोहिंग्या कुटुंबे बांबू आणि प्लॅस्टिकच्या झोपड्यांत राहत आली आहेत. दिल्लीतील अशा वस्तीस २०१८ आणि २०२१ मध्ये आगी लागून झोपड्या खाक झाल्या. दुसऱ्या टोकास, देशांतर्गत आपत्तिग्रस्तांसाठी तयार निवारा तातडीने मिळू शकतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर वाचलेल्या कुटुंबांची चौक परिसरात कंटेनरच्या घरांत सोय करण्यात आली होती.

ऊन, पाऊस, आग आणि मोरी

उष्ण कटिबंधात तयार घराची खरी कसोटी हवामान घेते. मंचेरियलच्या कोळसापट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. एकेरी पत्र्याची खोली अशा दिवसांत भट्टी होते. छपराखाली हवा खेळती राहील अशी पोकळी, समोरासमोर खिडक्या, छपरावर पांढरा रंग आणि दारापुढे पडवी हे चार उपाय स्वस्त असून महागड्या उष्णतारोधक थराइतकेच उपयोगी पडतात.

कोकण आणि गोव्यात प्रश्न उलटा आहे. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या किनारपट्टीवर सपाट छपराचा कंटेनर सांध्यांतून गळतो, खाऱ्या हवेने गंजतो आणि आतील बाजूस बुरशी धरतो. येथील परंपरागत घर उंच जोते, तीव्र उताराचे कौलारू छप्पर आणि भिंतीबाहेर बरेच पुढे आलेले पाखे यांवर टिकून राहिले. तयार घर आणताना हे तिन्ही गुण त्यात असावयास हवेत. अन्यथा पहिल्या पावसाळ्यातच त्यावर निळे प्लॅस्टिक अंथरण्याची वेळ येते.

मानवतावादी मदतीसाठी जगभर मानली जाणारी ‘स्फिअर’ मानके काही किमान मापे सांगतात. दर माणशी साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा, दर माणशी दररोज १५ लिटर पाणी, दर २० जणांमागे एक शौचालय आणि बांधकामाच्या दर ३०० मीटरांनंतर आग रोखणारा ३० मीटर रुंदीचा मोकळा पट्टा ही त्यांतील प्रमुख मापे होत. शहरातील गरीब वस्तीत स्वयंपाकही त्याच खोलीत होत असल्याने साडेतीन चौरस मीटर अपुरे पडतात, हेही त्या मानकांत मान्य केलेले आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला या हिशेबाने साडेसतरा चौरस मीटर मिळतात. पण वेगळी मोरी आणि चुलीची जागा त्यातूनच काढावी लागते. म्हणून अनुभवी नियोजक खोलीच्या संख्येआधी पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांची आखणी करतात. खोली पुढे बदलता येते. चुकीच्या जागी गेलेले गटार दाट वस्तीत बदलणे फार कठीण होते.

टिकणाऱ्या निवाऱ्याची चार अंगे

वळिवडे, उल्हासनगर, जंगपुरा आणि कागजनगर यांचा अनुभव एकत्र ठेवला असता टिकणाऱ्या निवाऱ्याची चार अंगे दिसतात. पहिले, मजबूत छप्पर आणि जोते. हे दोन भाग कारखान्यातून वा शासनाकडून यावेत. दुसरे, स्थानिक गवंडी आणि सुतार हाताळू शकतील अशा भिंती, म्हणजे दुरुस्तीसाठी कोणाची वाट पाहावी लागणार नाही. तिसरे, जमिनीवरील लेखी हक्क आणि घर वाढवताना अभियंत्याचा सल्ला. उल्हासनगराला पहिली गोष्ट मिळाली, दुसरी मिळाली नाही. चौथे, रोजगाराच्या ठिकाणी नेणारी परवडणारी वाहतूक. यांपैकी एखादे अंग वगळले की तयार घर एक तर ओस पडते किंवा धोकादायक होते.

शासकीय निविदेत मात्र अद्यापही मोजला जातो तो दर खोलीचा खर्च आणि उभारणीचा अवधी. छावणी पहिल्या दिवशी आखली जाते तेव्हाच तिच्या विसाव्या वर्षाचा नकाशा काढून ठेवणे, दोन घरांमध्ये वाढीची जागा सोडणे आणि वाटपपत्रावर घरातील स्त्रीचे नावही नोंदवणे, यांसाठी फारसा अधिक खर्च येत नाही. कल्याणच्या तळावर १९४९ मध्ये उतरलेल्या कुटुंबांची चौथी पिढी आज त्याच बॅरक नंबरांच्या पत्त्यावर टपाल स्वीकारते. नव्या छावणीचा पहिला खांब रोवताना हा कालावधी गृहीत धरणे, एवढेच त्या पत्त्यांचे सांगणे आहे.